मथळ्याचें तिरपें अक्षर

छापील अक्षराला दोन प्रकारचीं कामें करावीं लागतात. पुस्तकाच्या पानावरचें अक्षर केवळ वाचलें जाण्यासाठीं असतें. वाट दाखवून निमूटपणें बाजूला होणाऱ्या वाटाड्यासारखा त्याचा स्वभाव. तें स्वतःकडे लक्ष वेधूं लागलें कीं वाचकाचा रसभंग झालाच. मथळ्याचें, जाहिरातीचें व भित्तिपत्रकाचें अक्षर याच्या अगदीं उलट. त्याला आधीं दिसावें लागतें, आणि मगच वाचलें जाण्याची आशा बाळगतां येते. रस्त्यानें जाणाऱ्या माणसाच्या मनांत वाचण्याची इच्छा नसते, आणि इच्छा असली तरी सवड नसते. त्याची दृष्टि क्षणभर अडवून धरील असें अक्षर हवें, ही निकड युरोपांतील मुद्रणकलेला तिच्या जन्मानंतर सुमारें साडेतीनशें वर्षांनीं तीव्रतेनें जाणवली. त्या निकडीतून जीं अनेक रूपें निर्माण झालीं त्यांपैकीं सर्वांत आग्रही रूप म्हणजे जाड, अरुंद आणि तिरपें असें बिनपावलांचें अक्षर. वृत्तपत्राचा ठळक मथळा, खेळाच्या सामानाची जाहिरात, मोटारींच्या शर्यतीचा फलक, दुकानांतील सवलतीची पाटी, अशा ठिकाणीं तें रोज भेटतें. तें इतकें परिचयाचें झालें आहे कीं त्याच्याकडे मुद्दाम असें कोणी पाहात नाहीं.

अक्षर हा डोळ्यांचा विषय आणि नभोवाणी हें कानांचें साधन. तेव्हां त्याचें चित्र प्रथम शब्दांनींच उभें करणें प्राप्त आहे. इंग्रजी पुस्तकांतलें मोठें 'आय्' हें अक्षर पाहिलें तर उभ्या रेषेच्या वरच्या व खालच्या टोंकाला एकेक बारीक आडवी रेघ दिसते. तिला सेरिफ म्हणतात. मराठींत तिला अक्षराचें पाऊल म्हणण्यास हरकत नाहीं. हीं पावलें छाटून टाकलीं कीं उरतें तें बिनपावलांचें, म्हणजेच सॅन्स-सेरिफ, अक्षर. आतां त्याची रेघ इतकी जाड करावी कीं अक्षराच्या पोटांतली पांढरी जागा तिच्यापुढें थोडकी वाटावी. मग दोन्ही बाजूंनीं दाबून त्याची रुंदी उंचीच्या निम्म्याहूनहि कमी करावी. आणि शेवटीं त्याचें डोकें १०-१२ अंशांनीं उजवीकडे झुकवावें. असें केल्यावर जें डोळ्यांपुढें येतें तें गर्दींतून खांदे आवळून धांवत सुटलेल्या धिप्पाड माणसासारखें दिसतें.

हे तीन गुण एकाच वेळीं किंवा एकाच गरजेंतून आलेले नाहींत. जाडी आली ती दुरून दिसण्यासाठीं. अरुंदपणा आला तो जागा वांचविण्यासाठीं. आणि तिरपेपणा तर मुळांत अगदीं वेगळ्या व शांत हेतूनें आला होता. या तिघांची गांठ कशी पडली आणि त्या गांठीची किंमत अक्षराला कशी मोजावी लागली, हाच या विषयाचा गाभा आहे.

जाडीची कथा लंडनमध्यें सुरू होते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं त्या शहरांत व्यापार झपाट्यानें वाढत होता आणि व्यापाराबरोबर जाहिरातहि वाढत होती. सरकारी लॉटरी इंग्लंडमध्यें १८२६ सालीं बंद झाली. पण तोंपर्यंत तिचीं तिकिटें विकणाऱ्या अडत्यांनीं हस्तपत्रकांचा जणूं पाऊस पाडला होता. पुस्तकांसाठीं घडविलेलीं नाजूक अक्षरें या कामाला पुरेनात. म्हणून खिळे पाडणाऱ्या कारखानदारांनीं प्रथम पुस्तकी अक्षराच्याच उभ्या रेषा फुगवून लठ्ठ अक्षरें तयार केलीं; नंतर पावलेंहि रेषेइतकींच जाड केलीं; आणि अखेर पावलें मुळींच काढून टाकलीं. १८१६ सालीं विल्यम कॅस्लन चौथा यानें आपल्या नमुन्यांच्या पुस्तकांत बिनपावलांचें एक अक्षर दाखविलें. त्यांत केवळ मोठीं अक्षरें होतीं आणि आकारहि एकच होता. विक्रीसाठीं पाडलेलें अशा जातीचें पहिलें रोमन अक्षर म्हणून आज त्याचा उल्लेख होतो. त्या आधीं जॉन सोन यांच्यासारखे वास्तुशिल्पज्ञ आपल्या नकाशांवर प्राचीन ग्रीक शिलालेखांच्या धर्तीचीं अशीं अक्षरें हातानें काढीत असत. म्हणजे जें रूप पुढें बाजारांत ओरडूं लागलें त्याचें कुळ मात्र देवळांच्या दगडांत सांपडतें.

या नव्या अक्षराला काय म्हणावें यावर बराच काळ एकमत नव्हतें. कॅस्लननें त्याला 'इजिप्शियन' म्हटलें. व्हिन्सेंट फिगिन्स यानें १८३२ सालीं 'सॅन्स-सेरिफ' हें नांव वापरलें. विल्यम थॉरोगुडनें त्याला 'ग्रोटेस्क' म्हटलें. या शब्दाचा अर्थच चमत्कारिक किंवा विरूप असा आहे. अमेरिकेंत त्याला 'गॉथिक' हें नांव चिकटलें. या नांवांवरून एक गोष्ट स्पष्ट होते, ती ही कीं हें अक्षर सुंदर आहे असा दावा त्याच्या जन्मदात्यांनींहि फारसा केला नव्हता. तें उपयोगी आहे एवढेंच त्यांचें म्हणणें होतें.

जाडी मिळाली, पण जाड अक्षर जागा फार खातें. भिंतीवर अथवा वृत्तपत्राच्या स्तंभांत उंचीपेक्षां रुंदीची टंचाई अधिक असते. नाटकाचें, गलबताचें किंवा मालाचें नांव जेवढें असेल तेवढेंच असतें. तें तोडतां येत नाहीं. येथें अरुंद अक्षराचें गणित उपयोगीं पडतें. ३० इंच रुंदीच्या फलकावर १० अक्षरांचा शब्द बसवावयाचा असेल तर प्रत्येक अक्षराच्या वांट्याला ३ इंच येतात. अक्षराची रुंदी उंचीच्या पाऊणपट असेल तर उंची होईल ४ इंच. तीच रुंदी उंचीच्या तीन अष्टमांश ठेवली तर तेवढ्याच ३ इंचांत ८ इंच उंचीचें अक्षर उभें राहतें. शब्द तोच, फलक तोच, भाडें तेंच. पण अक्षर दुप्पट उंच. अरुंदपणा हा मुळांत असा हिशेबी गुण आहे.

या हिशेबाला लांकडाची मोठी मदत झाली. शिशाचा फार मोठा खिळा अत्यंत जड होतो, महाग पडतो आणि ओततांना सारखा थंड न झाल्यामुळें त्याचा पृष्ठभाग खोलगट होण्याचें भय असतें. न्यू यॉर्कच्या डेरियस वेल्स यानें १८२७ सालीं लांकडी अक्षरें यंत्रानें कोरण्याची युक्ति काढली, आणि १८३४ सालीं विल्यम लेव्हनवर्थ यानें तिला पँटोग्राफची जोड दिली. पँटोग्राफ हें एका नमुन्यावरून लहानमोठी प्रतिकृति उतरविणारें जोडदांड्यांचें साधन. त्याची मांडणी बदलली कीं एकाच नमुन्यावरून रुंद, मध्यम आणि अरुंद अशीं निरनिराळीं रूपें कोरतां येऊं लागलीं. अमेरिकेंतील सर्कशींचीं, लिलावांचीं व नाटकांचीं भित्तिपत्रकें पुढें कित्येक दशकें याच लांकडी अक्षरांवर जगलीं.

तिसरा गुण तिरपेपणाचा. त्याचें माहेर व्हेनिस. तेथील विद्वान प्रकाशक अल्डस मॅन्युशियस यानें १५०१ सालीं व्हर्जिलच्या काव्याची एक लहानशी आवृत्ति काढली. तिच्यासाठीं फ्रान्चेस्को ग्रिफो या कुशल कारागिरानें तत्कालीन इटलींतील लेखनिकांच्या धांवत्या वळणावरून तिरपीं अक्षरें कोरलीं. इटलींत जन्मलेलें म्हणून तें 'इटालिक'. त्या वेळीं सबंध पुस्तकच तिरप्या अक्षरांत छापलें जाई. त्यांत आक्रोश नव्हता. खिशांत मावेल अशा पुस्तकाला शोभणारी ती एक सुबक लिपि होती. पुढें उभीं व तिरपीं अक्षरें एकाच ओळींत नांदूं लागलीं आणि तिरपें अक्षर परक्या शब्दासाठीं, ग्रंथाच्या नांवासाठीं किंवा वाक्यांतील एखाद्या शब्दावर जोर देण्यासाठीं राखून ठेवण्यांत आलें. बोलणाऱ्यानें एखाद्या शब्दापाशीं आवाज किंचित् बदलावा, तसें तें काम होतें.

या सौम्य तिरपेपणाला वेगाचा अर्थ यंत्रयुगांत चिकटला. धांवणारा माणूस पुढें झुकतो ही गोष्ट डोळ्यांना अनादिकालापासून ठाऊक होती. तिला यंत्राची साक्षहि मिळाली. झाक-आंरी लार्तीग या तरुण फ्रेंच छायाचित्रकारानें १९१२-१३ च्या सुमारास शर्यतींतील एका मोटारीचें छायाचित्र घेतलें. त्यांत मोटारीचें चाक वाटोळें न दिसतां पुढें झुकलेलें, अंडाकृति दिसतें. कॅमेऱ्याच्या पडद्यांतील फट एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे सरकत असतां मोटार पुढें निघून गेली, त्यामुळें चाकाचा खालचा व वरचा भाग निरनिराळ्या क्षणीं टिपला गेला. असा झुकाव म्हणजे वेग, ही खूण विसाव्या शतकांत सर्वांनीं ओळखली. डावीकडून उजवीकडे वाचल्या जाणाऱ्या लिपींत उजवीकडे झुकलेलें अक्षर पुढें झेंप घेत आहे असें वाटतें. बातमी ताजी आहे, माल नवा आहे, संधि निसटते आहे, हें शब्दांवांचून सांगण्याचें साधन जाहिरातदारांच्या हातीं आलें.

आतां हे तिन्ही गुण एकत्र आणावयाचे म्हटले तर त्यांचें एकमेकांशीं पटत नाहीं. धातूच्या खिळ्याचें अंग काटकोनी असतें. तिरप्या अक्षराचें डोकें त्या चौकटीबाहेर जातें; बाहेर आलेल्या टोंकाला खालून आधार नसतो, आणि यंत्राच्या दाबाखालीं तें तुटतें. तें तुटूं नये म्हणून खिळा रुंद करावा तर दोन अक्षरांमध्यें भलतीच फट पडते आणि अरुंद अक्षरानें वांचविलेली जागा वायां जाते. अक्षर जितकें उंच तितकी ही अडचण मोठी. १२ अंशांच्या कलानें एक इंच उंच अक्षराचा माथा पायथ्यापासून सुमारें एक पंचमांश इंच पुढें सरकतो. तीन इंचांच्या अक्षरांत तोच सरक अर्ध्या इंचाहून अधिक होतो. कांहीं कारखान्यांनीं खिळ्याचें अंगच तिरपें ओतून पाहिलें. पण मग ओळीच्या दोन्ही टोंकांना त्याच कोनाचे खास तुकडे बसवावे लागत आणि जुळाऱ्याचें काम वाढे.

या झगड्याचें एक बोलकें उदाहरण म्हणजे 'फ्रँकलिन गॉथिक' या अमेरिकन अक्षराचें कुटुंब. अमेरिकेंतील २३ कारखाने एकत्र येऊन १८९२ सालीं 'अमेरिकन टाइप फाउंडर्स' ही मोठी कंपनी स्थापन झाली. तिचे प्रमुख आरेखक मॉरिस फुलर बेन्टन यांचे वडील लिन बॉइड बेन्टन यांनीं अक्षरांचे ठसे कोरण्याचें यंत्र शोधून काढलें होतें. मुलानें त्या यंत्राच्या साह्यानें दोनशेंहून अधिक अक्षररूपें सिद्ध केलीं. १९०२ सालीं त्यांनीं रेखाटलेल्या एका जाड, बिनपावलांच्या अक्षराला मुद्रक व देशभक्त बेंजामिन फ्रँकलिन यांचें नांव देण्यांत आलें. तें मुळांतच जाड होतें. १९०६ सालीं त्याचीं अरुंद व अतिअरुंद रूपें आलीं. १९१० सालीं तिरपें रूप आलें. परंतु अरुंद आणि तिरपें अशीं दोन्ही लक्षणें असलेलें रूप या कुटुंबांत व्हेडन डेव्हिस यांनीं १९६७ सालीं आणलें. बेन्टन यांचें निधन १९४८ सालींच झालें होतें. एका अक्षराला जाड, अरुंद आणि तिरपें हीं तिन्ही विशेषणें एकदम लागण्यास ६५ वर्षें जावीं लागलीं.

तोंवर काळ बदलला होता. छायाक्षरजुळणी आली होती; तिच्यांत अक्षराला धातूचें अंगच नव्हतें, त्यामुळें तुटण्याची भीति संपली. घांसून कागदावर उतरवावयाचीं 'लेट्रासेट' कंपनीचीं अक्षरें १९६० नंतर चित्रकारांच्या टेबलांवर दिसूं लागलीं, आणि फ्रेड लॅम्बर्ट यांनीं १९६३ सालीं तिच्यासाठीं काढलेलें 'कॉम्पॅक्टा' हें घट्ट, अरुंद, जाड अक्षर तिरप्या रूपासह जाहिरातींत सर्वत्र पसरलें. १९६५ सालीं शेफील्डच्या स्टीफन्सन ब्लेक कारखान्यानें जेफ्री ली यांचें 'इम्पॅक्ट' हें अक्षर धातूंत पाडलें. त्याच 'इम्पॅक्ट'ला पुढें संगणकांत स्थान मिळालें आणि जगांतील कोट्यवधि लोकांना तें ठाऊक झालें.

मात्र अडचण धातूचीच होती असें समजणें चूक ठरेल. धातु गेला तरी एक अडचण राहिलीच, आणि ती डोळ्यांची आहे. अक्षर ओळखलें जातें तें काळ्या रेषेमुळें जितकें, तितकेंच रेषांनीं वेढलेल्या पांढऱ्या जागेमुळें. जाडी ही जागा आंतून खाते. अरुंदपणा ती बाजूंनीं दाबतो. तिरपेपणा तिचा उरलासुरला आकार वांकडा करतो. तिन्ही गुण एकाच पांढऱ्या ठेवीवर जगतात. त्यांपैकीं एकाला अधिक द्यावें तर दुसऱ्याचें कमी करावें लागतें, हा या अक्षराचा कधीं न मोडणारा नियम आहे.

म्हणून चांगला आरेखक या ठेवीचा फार जपून विनियोग करतो. आडव्या रेषा तो उभ्यांपेक्षां किंचित् बारीक ठेवतो, कारण समान जाडीची आडवी रेषा डोळ्याला अधिक जाड भासते. कमान खांबाला जेथें मिळते तेथें रेषा निमुळती करून तो पांढऱ्या जागेला आंत शिरण्यास वाट देतो. 'फ्रँकलिन गॉथिक'ची ओळख पुष्कळशी या निमुळतेपणांतच आहे. वाटोळ्या अक्षरांच्या बाजू तो जवळजवळ सरळ करतो, म्हणजे अरुंद पोटांतहि थोडी मोकळीक राहते. आणि अक्षर झुकवितांना तें नुसतें ढकलून देत नाहीं. गोल कडें उजवीकडे ढकललें तर त्याची जाडी सर्वत्र सारखी राहत नाहीं. उजव्या वरच्या आणि डाव्या खालच्या अंगाला तें फुगतें, आणि डाव्या वरच्या व उजव्या खालच्या अंगाला रोडावतें. हा दोष हातानें पुन्हां पुन्हां दुरुस्त करावा लागतो. संगणकावर तिरप्या अक्षराची कळ दाबणाऱ्याला या श्रमांची कल्पना नसते. 'इम्पॅक्ट' तर संगणकांत उभ्या रूपांतच दिलेलें असतें. तेव्हां ती कळ दाबली कीं आरेखकानें काढलेलें तिरपें अक्षर येत नाहीं, उभें अक्षरच गणितानें कलंडून समोर येतें.

दिसणें आणि वाचलें जाणें यांतील भेद किती खोल आहे हें पाहावयाचें असेल तर इंग्लंडमधील रस्त्यांच्या पाट्यांकडे वळावें. मोटारींसाठीं खास बांधलेला तेथील पहिला रस्ता प्रेस्टन शहराच्या बाजूनें १९५८ सालीं खुला झाला. त्याच्या पाट्यांचें काम जॉक किनिअर व मार्गरेट कॅल्व्हर्ट यांच्याकडे होतें. वेगानें जाणाऱ्या चालकाला दुरून, एका दृष्टिक्षेपांत वाचतां आलें पाहिजे, अशी ती कसोटी होती. वेगाचा इतका निकट संबंध असूनहि त्यांनीं तिरपें, अरुंद किंवा अतिजाड अक्षर घेतलें नाहीं. त्यांनीं उभें, मध्यम जाडीचें, बिनपावलांचें अक्षर काढलें. इंग्रजींतील लहान अक्षरें वापरून शब्दांना चढउतारांची ओळखीची आकृति दिली. आणि अक्षराअक्षरांमध्यें सढळ हातानें पांढरी जागा सोडली. जेथें चुकीचें वाचल्यास प्राणावर बेतण्याचा संभव आहे, तेथें आग्रही अक्षराला बाजूस ठेवून त्या दोघांनीं पांढऱ्या जागेची ठेव शिल्लक राखली.

मराठी वाचकाला हा सर्व इतिहास परका वाटण्याचें कारण नाहीं. जावजी दादाजी यांनीं मुंबईंत १८६९ सालीं निर्णयसागर छापखाना काढला, आणि त्या छापखान्याच्या सुबक देवनागरी खिळ्यांनीं मराठी व संस्कृत ग्रंथांना कित्येक पिढ्या रूप दिलें. पण ते पुस्तकाचे खिळे होते. मथळ्यासाठीं व जाहिरातीसाठीं जें जाड, झुकलेलें मराठी अक्षर लोकांच्या डोळ्यांत भरलें त्यांतलें पुष्कळसें खिळ्यांतून न येतां रंगाऱ्याच्या कुंचल्यांतून आलें. दुकानांच्या पाट्या, नाटकांचे फलक, चित्रपटांचीं भित्तिपत्रकें यांवर तो शब्द जागेच्या मापानें हातानेंच बसवी. कोठें वेलांटी लांबवून, कोठें उकार आंखडून तो वाट काढी. म्हणून जाडी व झुकाव असूनहि त्या अक्षरांना एक जिवंतपणा असे.

यंत्राच्या वाटेनें देवनागरीला हें रूप देतांना मात्र तीन अडचणी येतात, आणि त्या रोमन लिपीच्या अडचणींहून निराळ्या आहेत. पहिली उंचीची. इंग्रजी मथळा केवळ मोठ्या अक्षरांत छापला तर तो दोन सरळ रेषांमध्यें मावतो. म्हणून अरुंद अक्षरानें वांचविलेली रुंदी सगळी उंचींत जमा होते. देवनागरीला शिरोरेषेच्या वर मात्रा, वेलांटी, रफार व अनुस्वार यांसाठीं, आणि खालीं उकारांसाठीं जागा राखावी लागते. रुंदींत झालेला नफा असा वरखालीं वांटला जातो आणि मधल्या अक्षराच्या हातीं थोडाच उरतो.

दुसरी अडचण पोटांतल्या खुणांची. 'व' आणि 'ब' यांत फरक एका लहानशा तिरप्या रेघेचा. 'प' आणि 'ष' यांतहि तसाच. 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' यांचा भेद तर वरच्या डाव्या कोपऱ्यांतील इवल्याशा मोडणीवर आणि शिरोरेषेंतील खंडावर अवलंबून असतो. रेघ वाजवीपेक्षां जाड झाली आणि पोट दबलें कीं या खुणा प्रथम बुजतात. मग 'बळ'चें 'वळ' होतें, 'धन'चें 'घन' होतें, आणि 'भरण' लांबून 'मरण' वाचलें जातें. वाचक संदर्भानें अर्थ लावून घेतो हें खरें. पण मथळ्याला संदर्भ नसतो. मथळाच पुढच्या मजकुराचा संदर्भ असतो.

तिसरी अडचण तिरपेपणाची, आणि ती सर्वांत सूक्ष्म आहे. रोमन अक्षरें ज्या टांकानें लिहिलीं जात त्याच्या उलट धरणीचा काप देवनागरीच्या बोरूला असतो. त्यामुळें देवनागरीच्या वळणदार भागांत डावें वरचें व उजवें खालचें अंग भरदार होतें. यंत्रानें अक्षर उजवीकडे ढकललें कीं नेमकें तेंच अंग रोडावतें आणि जेथें बोरूचा स्पर्श हलका असावयाचा तेथें सूज येते. म्हणजे कळ दाबून झुकविलेलें देवनागरी अक्षर आपल्या वळणाच्या विरुद्ध झुकतें. शिवाय शिरोरेषा आडवीच राहते, आणि तिला लोंबणारीं अक्षरें तेवढीं कलतात. दोरीवर वाळत घातलेलीं वस्त्रें वाऱ्यानें एका बाजूला उडावीं तसें तें दृश्य दिसतें. वेलांटीचा माथा पुढच्या अक्षरावर सरकतो आणि अनुस्वार आपल्या जागेवरून ढळतो. रोमन लिपीला तिरप्या हस्ताक्षराची पांचशें वर्षांची छापील परंपरा पाठीशीं आहे. देवनागरीला तशी नाहीं. तिच्याकडे जोर देण्यासाठीं जाड अक्षर आहे, मोकळी जागा आहे, रंग आहे आणि वाक्यरचना आहे.

याचा अर्थ देवनागरीनें हें रूप घेऊंच नये असा मात्र नाहीं. 'इंडियन टाइप फाउंड्री' या संस्थेनें २०१४ सालीं 'खंड' व 'टेको' हीं मथळ्यांसाठीं काढलेलीं अरुंद अक्षरें देवनागरी व रोमन अशा दोन्ही लिपींत उपलब्ध केलीं. त्यांवरून देवनागरीचें पोट विचारपूर्वक आंखडतां येतें हें दिसून येतें. र. कृ. जोशी यांच्यासारख्या सुलेखनकारानें २००८ सालीं झालेल्या आपल्या निधनापर्यंत देवनागरीच्या मूळ वळणाचा संगणकाच्या नियमांशीं मेळ घालण्याचा उद्योग केला. त्या उद्योगाचा धडा एवढाच कीं लिपीला नवें रूप द्यावयाचें तर तें तिच्या स्वतःच्या वळणांतून काढलें पाहिजे. झुकलेलें मराठी अक्षर हवें असेल तर तें झुकलेलेंच रेखाटावें; उभें अक्षर ढकलून तें मिळत नाहीं.

उरतो तो वापरणाऱ्याचा प्रश्न. जाड, अरुंद व तिरपें अक्षर वाचकाकडून लक्ष उसनें घेतें. तीन-चार शब्दांपुरतें, योग्य कारणासाठीं घेतलेलें असें उसनें वाचक आनंदानें देतो. पुराची वार्ता असो, निवडणुकीचा निकाल असो, कीं नव्या नाटकाचा पहिला प्रयोग असो. परंतु पानावरची प्रत्येक ओळ त्याच अक्षरांत उभी राहिली तर पांढरी जागा संपते आणि त्याबरोबर वाचकाचा विश्वासहि संपतो. खरी निकडीची बातमी ज्या दिवशीं येईल त्या दिवशीं तिच्यासाठीं वेगळें अक्षर उरलेलें नसतें. संपादकानें, मुद्रकानें आणि पाटी लिहून घेणाऱ्या दुकानदारानेंहि हें अक्षर घरांतील मिठासारखें वापरावें: त्याच्यावांचून चालत नाहीं, आणि तें अधिक झाल्यास सारा स्वयंपाक टाकून द्यावा लागतो.